तिसरा उमेदवार हवा, मत मात्र दोघांपैकी एकालाच

अमेरिकेत तिसरा मोठा पक्ष हवा का, असं विचारलं की निम्म्याहून अधिक लोक होकार देतात. गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या २०२३च्या पाहणीत हे प्रमाण ६३ टक्के होतं. पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि जवळपास सगळी मतं पुन्हा डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन पक्षांतच वाटली गेली. यावरून मतदाराला चंचल ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. तो आधीचे निकाल पाहून शहाणा झाला आहे.

१९९२ सालचंच पाहा. टेक्ससचे उद्योगपती रॉस पेरो अपक्ष उभे राहिले. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या जाहिराती विकत घेऊन, हातात तक्ते धरून ते टीव्हीवर सरकारी तूट समजावून सांगत. जूनमध्ये ते पाहण्यांत तेव्हाचे रिपब्लिकन अध्यक्ष थोरले बुश आणि डेमोक्रॅटिक उमेदवार क्लिंटन या दोघांच्याही पुढे होते. जुलैत त्यांनी अचानक माघार घेतली, ऑक्टोबरमध्ये परतले आणि तरीही जवळजवळ १९ टक्के मतं मिळवली. बुश यांचं उन्हाळी घर ज्या मेन राज्यात आहे, तिथे तर ते बुश यांच्याही पुढे दुसरे आले. पण अध्यक्ष ज्यांच्या बहुमतावर ठरतो ती, राज्याराज्यांना नेमून दिलेली प्रतिनिधी-मतं? शून्य. बहुतेक राज्यांत पहिला येणाराच त्या राज्याची सगळी प्रतिनिधी-मतं घेऊन जातो. म्हणूनच १९६८मध्ये साडेतेरा टक्क्यांवर थांबलेल्या, तिसऱ्या पक्षाच्या जॉर्ज वॉलेस यांना ४६ मिळाली होती. त्यांचे मतदार दक्षिणेत एकवटलेले होते आणि तिथली पाच राज्यं त्यांनी जिंकली.

मग २००० साल आलं. फ्लोरिडात रिपब्लिकन पक्षाचे धाकटे बुश डेमोक्रॅटिक पक्षाच्या अल गोर यांच्याविरुद्ध ५३७ मतांनी जिंकले. ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडर यांना तिथे ९७ हजारांवर मतं होती. नेडर नसते तर त्यांतली किती गोर यांना गेली असती, यावर आजही वाद होतो. तेव्हापासून तिसऱ्याला मत द्यायचं म्हटलं, की घरचे-मित्रच ‘मतं खाणारा’ म्हणून हटकतात. त्याच वर्षापासून राष्ट्रीय वादविवादांच्या मंचासाठी पाहण्यांत १५ टक्के पाठिंब्याची अट आली. मंच नाही तर ओळख नाही, ओळख नाही तर टक्के नाहीत.

ही कोंडी फोडायचा खरा प्रयत्न मेनने केला. २०१६मध्ये तिथल्या मतदारांनी पसंतीक्रमाचं मतदान मंजूर केलं आणि २०२०मध्ये ते अध्यक्षपदासाठीही वापरलं. पहिली पसंती तिसऱ्याला दिली आणि तो बाद झाला, तरी दुसऱ्या पसंतीचं मत मोजलं जातं.