ओबीएमवर बॅटरी का चार्ज होत नाही, त्यामागची जुनी गोष्ट

नाशिकला गोदेला पूर आला, दुतोंड्या मारुती बुडायला लागला की घाटावर रबरी बोटी दिसतात, त्यांच्या मागे लावलेल्या आउटबोर्ड मोटरला आपल्याकडे सरळ ओबीएम म्हणतात. गंगापूर धरणाच्या बाजूलाही हीच मोटर. आणि तक्रारही सगळीकडे एकच, की मोटर तासभर चालवली तरी बॅटरी आपली डाऊनच.

तर मोटर बिघडलेली नसते हो. तिचं ते कामच नव्हतं.

1909 मध्ये अमेरिकेत मिलवॉकीला ओले एव्हिनरूडने दीड हॉर्सपॉवरची आउटबोर्ड विकायला काढली, तेव्हा बोटीवर चार्ज करायला काही नव्हतंच, वीज लागायची ती फक्त प्लगच्या ठिणगीला, तीही चार्ज न होणाऱ्या साध्या बॅटरीतून. पुढे फ्लायव्हीलमध्येच, म्हणजे इंजिनसोबत फिरणाऱ्या जड चाकात, मॅग्नेट बसवून ठिणगीचीही सोय झाली आणि बॅटरीची गरजच संपली. मग कोणीतरी विचार केला असणार की मॅग्नेट फिरतंच आहे तर शेजारी अजून एक कॉइल टाकू, रात्री दिवा लागेल. तीच ती लायटिंग कॉइल, नावातच सगळं आलं. एसी करंट, थेट बल्बला. जुनी लुना चालवलेल्यांना हे सांगायला नको, गाडी हळू झाली की हेडलाइट पिवळा आणि रेस दिली की लख्ख, तोच प्रकार.

बॅटरीला मात्र डीसी लागतो. म्हणून लायटिंग कॉइलच्या पुढे एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर लावायची पद्धत आली, सिलिकॉन डायोड स्वस्त झाल्यावर तर छोट्या मोटरींनाही. पण कॉइल तीच राहिली ना! आजही 8-10 हॉर्सपॉवरच्या बऱ्याच मोटरींची कॉइल 60 ते 80 वॉटची असते, म्हणजे फुल थ्रॉटलला पाच-सहा अँपिअर आणि आयडलला जवळजवळ काहीच नाही. 60 एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी अर्धी उतरलेली असेल तर हिशोब करा, सहा तास मोटर पिळावी लागेल, तेही कागदावर, प्रत्यक्षात जास्तच. आपल्या धरणावर एवढं कोण पळवतं, पेट्रोल कोण देणार?

त्यात जुन्या मोटरीचं फ्लायव्हील काढून बघितलं तर बऱ्याचदा कॉइलचं एक टोक प्लेटच्या स्क्रूलाच अर्थ केलेलं दिसतं. अशा वायरिंगला एकच डायोड चालतो, म्हणजे अर्धी वेव्ह वायाच. ते टोक सोडवून दोन्ही वायरी बाहेर काढायच्या आणि चार डायोडचा ब्रिज लावायचा, हे काम बाइकचं वायरिंग करणारा आपला कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन करून देईल, बुलेटवाल्यांनी हे लय आधीपासून केलंय.

व्होल्टेज आवरून धरणारा रेग्युलेटर त्याहून नंतरचा. आधी गरजच पडली नाही, कारण एवढासा करंट बॅटरी गपचूप पिऊन टाकायची आणि व्होल्टेज सहसा फार वर जायचं नाही. पण म्हणूनच नुसत्या रेक्टिफायरवाली मोटर बॅटरी काढून चालवू नये, व्होल्टेज पिऊन घ्यायला कोणी नसलं की डायोड उडतात. आता लिथियम आल्यावर उलटाच त्रास, ती बॅटरी मिळेल तेवढं ओढत राहते आणि बिचारी दिव्याची कॉइल तापायची भीती असते, त्यामुळे मध्ये करंटला लिमिट ठेवणारा डीसी-डीसी चार्जर टाकतात नाहीतर सरळ सोलर पॅनेल.