शिशाच्या बैलावरची पांढरी भुकटी बुरशी नव्हे

"जुन्या धातूच्या बैलावर पांढरी बुरशी आली तर चिंच-लिंबानं घासा, मग रंग द्या," असा सल्ला तान्ह्या पोळ्याच्या (लेकरांच्या खेळण्यातल्या बैलांचा विदर्भातला सण) सुमारास फिरतो. चिंचेनं पितळ उजळतं, म्हणून ते पटतंही.

आधी लोहचुंबक लावा. चिकटला नाही, बैल आकाराच्या मानानं जड आहे आणि उघड्या धातूची कागदावर करडी रेघ उमटते, तर ते शिसं समजा. भुकटी बहुधा शिशाचं कार्बोनेट: विषारी, आणि आम्लाच्या वाफेनं वाढणारं. त्यात लिंबू म्हणजे आगीत तेल.

कोरडा पॉलिशपेपर नकोच, धूळ पोटात जाते. हातमोजे घालून ओल्या कापसानं पुसा, पूर्ण सुकवा. रंग उडालेल्या जागीच प्रायमर, वर अ‍ॅक्रिलिकचे दोन पातळ हात. प्लायवूडच्या बंद कपाटातही आम्लाची वाफ साठते, म्हणून बैल तिथं ठेवू नका. लेकरांच्या हाती मात्र लाकडी नंदीच द्या.