पडायची मुभा: प्रस्तरारोहणातल्या भीतीची पार्श्वभूमी

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला की नागपूरच्या काळ्या दगडाला हात लावणं म्हणजे तव्यालाच हात लावणं. त्यामुळे इथला प्रस्तरारोहणाचा, म्हणजे कडे चढण्याचा, मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच. गेल्या हिवाळ्यात एका शिबिरात चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा वीसेक फुटांवर अडकला. दोर वरून बांधलेला, टाईट. सुटला असता तरी हातभर खाली आला असता. तरी गुडघा शिलाई मशीनसारखा उडत होता. खालून प्रशिक्षक ओरडले, "हाताले नाही बे, पायाले काम दे!"

दोर नवा होता, भीती मात्र जुन्या दोराच्या काळातली.

इंग्लंडमध्ये १८८६ साली वॉल्टर हॅस्केट स्मिथ नेप्स नीडल हा सुळका एकटेच, दोराविना चढले. कडे चढणं हा स्वतंत्र खेळ तिथून सुरू झाला असं मानतात. पुढची पन्नासेक वर्षं दोर असायचा मनिलासारख्या धाग्यांचा आणि थेट कमरेला बांधलेला. मोठा झटका बसला की तुटण्याची धास्ती. म्हणून नियम एकच: सगळ्यात पुढे चढणाऱ्यानं पडायचं नाही. तेव्हा घाबरणारा माणूस शहाणा ठरायचा.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ताणला जाणारा, झटका पोटात घेणारा नायलॉनचा दोर आला. १९५३ मध्ये जर्मनीच्या एडेलरिड कंपनीनं गाभा आणि त्यावर विणलेलं आवरण असा कर्नमँटल दोर काढला. पुढे फ्रान्समध्ये दोर अडकवायला कड्यांवर कायमचे बोल्ट ठोकले गेले आणि १९८०च्या दशकात पडत-पडत एकच वाट पुन्हापुन्हा चढणं रूढ झालं. पडण्याचा सराव करायचा असतो, ही कल्पना त्यानंतरची.

आपल्याकडे तेनसिंग-हिलरींच्या एव्हरेस्टनंतर १९५४ साली दार्जिलिंगची गिर्यारोहण संस्था निघाली. तिथे प्रस्तरारोहण शिकवलं जायचं ते हिमालयाची पूर्वतयारी म्हणून. महाराष्ट्रात सह्याद्रीनं त्याला स्वतःचं घर दिलं. (घोरपडीची गोष्ट आपण त्याआधीपासून सांगतोय, ते वेगळं!)

नागपूर दख्खनच्या लाव्ह्याच्या पूर्व कडेवर आहे. सीताबर्डीची टेकडी बेसॉल्टची, तर रामटेककडे त्याहून कितीतरी जुना खडक. बेसॉल्टला भेगा फार. पकड धरण्याआधी मुठीनं ठोकून बघतात: खणखणीत वाजली तर ठीक, पोकळ वाजली तर सोडून द्यायची. कृत्रिम भिंतीवर हा निर्णय कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेला असतो. बाहेर तो हात थरथरत असताना आपल्यालाच घ्यावा लागतो, आणि माझ्या मते मन थकतं ते तिथेच.

अमेरिकेचा आरोहक अॅलेक्स हॉनल्ड २०१७ मध्ये तिथला सुमारे ९०० मीटरचा एल कॅपिटन हा कडा दोराशिवाय चढला, तेव्हा त्याच्या मेंदूतल्या भीतीच्या केंद्राची फार चर्चा झाली. त्याआधी त्यानं तीच वाट दोर लावून किती वेळा घोटली होती, हे मात्र मागे पडलं.

तो मुलगा पाच मिनिटांनी सुटला. हातभरच. दोराला लटकत खाली बघून म्हणाला, "सर, अजून एकदा सोडू का?"