पोर्तुगीजमधली 'क्राझ': रेघ की संधी?

'दे' आणि 'ओ'चं 'दू' होतं, 'एं' आणि 'आ'चं 'ना' होतं, हे पोर्तुगीज शिकताना लवकर अंगवळणी पडतं. गाडी अडते 'आ'वर. आपल्या '-ला, -कडे' अर्थाचा 'आ' आणि स्त्रीलिंगी आर्टिकल 'आ' शेजारी आले की एकच 'आ' लिहून डोक्यावर डावीकडे कललेली रेघ द्यायची, म्हणजे आपली विद्या अधिक आलय विद्यालय तीच गोष्ट. क्राझ हे या संधीचं नाव, ग्रीकमधून आलेलं, अर्थ मिसळणं. रेघेचं नाव वेगळंय पण ब्राझीलमध्ये लोक सर्रास रेघेलाच क्राझ म्हणतात आणि मग नियम डोक्यात शिरतच नाही, कारण रेघ पाठ होते आणि संधी राहून जाते.

१९व्या शतकातल्या पुस्तकांत इथे उजवीकडे कललेली रेघ दिसते. १९१०ला पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली, १९११ला शुद्धलेखन बदललं आणि रेघ डावीकडे कलली, आणि हे सगळं ब्राझीलला न विचारता. मग १९४३ला ब्राझीलने स्वतःचे नियम केले, १९४५चा दोन्ही देशांतला शुद्धलेखन करार फक्त पोर्तुगालने पाळला. पुढे १९७१ला ब्राझीलने आणि १९७३ला पोर्तुगालने 'सोझिन्यू'सारख्या शब्दांवरची ही डावीकडे कललेली रेघ काढली, तेव्हापासून ती जवळपास संधीपुरतीच उरली.

आता खरी अडचण. लिस्बनचा माणूस साधा 'आ' तोंडातल्या तोंडात 'अ'सारखा म्हणतो आणि संधीचा मोकळा, त्यामुळे फरक कानाला कळतो. ब्राझीलमध्ये दोन्ही सारखेच, मग पोरांना युक्ती शिकवतात की 'बीचवर जातो'मधल्या 'बीच'च्या जागी पुल्लिंगी 'बाजार' घालून बघ, 'आउ' (म्हणजे 'आ' अधिक पुल्लिंगी आर्टिकल 'ओ') आलं तर रेघ दे. उच्चार एका देशाचा आणि मार्क जातात दुसऱ्या देशातल्या पोरांचे, हे मला पटत नाही. तरी रेघ काढा असंही म्हणवत नाही, कारण 'वेंदेर आ विस्ता' रेघेसकट म्हणजे रोखीने विकणं आणि रेघेशिवाय चक्क डोळे विकणं असाही अर्थ निघतो.

१९९०च्या लिस्बनमधल्या शुद्धलेखन कराराने (ब्राझीलमध्ये २००९पासून लागू, २०१६पासून सक्तीचा) क्राझला हात लावला नाही, पण 'थांबवतो' अर्थाच्या 'पारा'वरची उजवीकडे कललेली रेघ काढली, त्यामुळे तो आता '-साठी' अर्थाच्या शब्दासारखाच दिसतो. 'ग्रेव पारा लिस्बोआ' अशी हेडलाइन आली तर संपाने लिस्बन थांबलं की संप लिस्बनसाठी आहे, काय समजायचं? आणि त्याच करारात 'ठेवणे' अर्थाच्या 'पोर'वरचं टोपण (^) मात्र तसंच ठेवलंय, '-मुळे'वाल्या 'पोर'शी गल्लत नको म्हणून!