बायोडेटा जास्त ठिकाणी दिले की नोकरी लागते?

‘रोजगार मेळाव्यात दिसेल त्या स्टॉलवर बायोडेटा द्या, कुठेतरी काम होतंच,’ असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. पटण्यासारखा आहे, पण स्टॉलवर दिवसभरात गठ्ठे जमतात. पदाशी जुळणारा, दोन मिनिटं नीट बोललेला उमेदवार लक्षात राहतो. त्याच्या कागदावर कोपऱ्यात पेनाने खूण होते. बाकीच्यांना बरेचदा ‘वेबसाइटवर अर्ज भरा’ एवढंच उत्तर मिळतं.

म्हणून कंपन्यांची यादी आधी मिळवा, आपल्या शिक्षणाला जुळणाऱ्या मोजक्याच निवडा. तिथे खरंच संधी आहे का, याची खात्री स्टॉलवरच करता येते. विचारा: ‘हे पद आत्ता रिकामं आहे का? पुढची फेरी कधी? कोण कळवणार?’ उत्तर मोघम आलं, तर तिथे दिलेल्या बायोडेटावर फार भिस्त ठेवू नका. नेमकं आलं, तर कळवणाऱ्याचं नाव आणि ईमेल लगेच लिहून घ्या.