‘गुडघे झिजलेत तुमचे’ : एका निदानाच्या भाषेची पार्श्वभूमी

एक्स-रे उजेडासमोर धरायचा, मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामधल्या काळ्या फटीवर पेनाचं टोक टेकवायचं आणि म्हणायचं, ‘‘हा बघा, इथला गॅप कमी झालाय. गुडघे झिजलेत तुमचे.’’ ऑस्टिओआर्थ्रायटिसचं निदान जगभरच्या दवाखान्यांत साधारण असंच सांगितलं जातं. जोडीला ठरलेली वाक्यंही येतात : वयोमानाने व्हायचंच, वंगण कमी झालंय, हाडाला हाड घासतंय, गाडीचे टायर झिजतात तसंच हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात ५२.८ कोटी लोकांना हा आजार होता. म्हणजे हे चार-दोन शब्द किती कानांवर पडत असतील, याचा विचार करावा.

गेल्या दोनेक दशकांत खुद्द डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट मंडळीच या भाषेवर शंका घेऊ लागली आहेत. आक्षेप शब्द कठोर असल्याचा नाही. आक्षेप असा, की ते अर्धवट खरे आहेत आणि ऐकणाऱ्याला भलत्याच वाटेला लावतात. मग ते रुळले कसे? माझ्या मते याचं उत्तर एकच : वैद्यकाला सांध्यात जे डोळ्यांनी दिसत गेलं, त्यावरून वर्णन ठरत गेलं. रुग्णाला काय होतं, हा प्रश्न मागे पडला.

सांध्याच्या आत पाहायची सोय नव्हती, तेव्हा वर्णन स्पर्शाचं आणि हालचालीचं असे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात संधिगत वाताची लक्षणं येतात : हाताला वाऱ्याने भरलेल्या कातडी पिशवीसारखी लागणारी सूज, आणि सांधा पसरताना-आखडताना वेदना. संपलं. कशाची झीज, कशाचा ऱ्हास, याबद्दल तिथे अक्षर नाही. लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डन यांचंही तसंच. बोटांच्या शेवटच्या पेराजवळ येणाऱ्या, लहान वाटाण्याएवढ्या टणक गाठींचं टिपण त्यांनी करून ठेवलं होतं. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८०२ साली प्रसिद्ध झालं. या गाठींचा गाऊटशी, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीशी, संबंध नाही, त्या जन्मभर राहतात, पण फारशा दुखत नाहीत. गैरसोयीपेक्षा त्या दिसायलाच वाईट, असं त्यांचं निरीक्षण. आजही त्या गाठी हेबर्डनच्याच नावाने ओळखल्या जातात. आजाराचं इतकं शांत वर्णन नंतर क्वचितच झालं असेल.

पण त्याच्या आधीच, १७४३ साली, दुसरा धागा सुरू झाला होता. विल्यम हंटर या तरुण शरीररचनातज्ज्ञाने रॉयल सोसायटीसमोर कूर्चेची रचना आणि तिचे रोग यांवर निबंध मांडला. हाडांच्या टोकांवरचं हे गुळगुळीत आवरण एकदा नष्ट झालं की परत येत नाही, हे हिपोक्रेटिसपासून सगळ्यांना मान्य आहे, असं त्यात म्हटलं होतं. विच्छेदनाच्या टेबलावर जे दिसतं, त्याचं ते प्रामाणिक वर्णन होतं. आजही ते बरंचसं खरं आहे. प्रौढ माणसाच्या कूर्चेतला कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचा सांगाडा जवळजवळ बदलत नाही. मात्र ‘एकदा गेलं की गेलं’ हा सूर तिथून जो लागला, तो पुढे उतरलाच नाही.

एकोणिसाव्या शतकात गोंधळ वेगळा होता. आज आपण ज्याला आमवात म्हणतो तो ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आणि हा आजार, दोन्ही एकाच गाठोड्यात बांधलेले. नावंसुद्धा सरमिसळ वापरली जायची. गाठोडं सुटलं ते १८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरण शोधल्यावर. १९०४ मध्ये बोस्टनच्या जोएल गोल्डथ्वेट यांनी एक्स-रेच्या आधारे दोन गट मांडले. एकात हाड विरळ होत जातं, दुसऱ्यात हाडाच्या कडा वाढतात. १९०९ मध्ये निकोल्स आणि रिचर्डसन यांनी विकृतिशास्त्राच्या बाजूने तशीच विभागणी केली. दुसऱ्या गटाला त्यांनी ऱ्हासाचा, डिजनरेटिव्ह, म्हटलं. रिपोर्टवर ‘डिजनरेटिव्ह चेंजेस’ असं छापून येतं, ते या घराण्यातलं. एका सांधेदुखीत दाह, दुसरीत नुसता ऱ्हास, अशी वाटणी झाली आणि ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या वाट्याला ऱ्हास आला. संशोधकांचं कुतूहल बराच काळ पहिलीकडेच राहिलं. ऱ्हासावर करणार तरी काय?

या ऱ्हासाला आकडा मिळाला १९५७ साली. मँचेस्टरचे जोनास केल्ग्रेन आणि जॉन लॉरेन्स यांनी एक्स-रे पाहून शून्य ते चार अशी श्रेणी लावायची पद्धत मांडली. शून्य म्हणजे काही नाही, एक म्हणजे शंकास्पद, दोनला हाडाची वाढलेली टोकं नक्की दिसतात, तीनला फट अरुंद झालेली असते, चारला ती जवळजवळ मिटलेली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत उचलली. लोकसंख्येच्या पाहणीत एकाच मापाने मोजणी करायला ती उत्तम होती. पण पाहणीचं माप दवाखान्यात शिरलं आणि ‘ग्रेड थ्री’, ‘ग्रेड फोर’ हे माणसाचं वर्णन होऊन बसलं. त्यात एक खोच राहिली. एक्स-रेमध्ये कूर्चा दिसतच नाही. दिसतं ते हाडांमधलं अंतर, त्यावरून कूर्चेचा अंदाज बांधायचा. गुडघ्यात तर त्या अंतरात मेनिस्कसच्या गादीचाही वाटा असतो. शिवाय एक्स-रे उभं राहून काढला की झोपून, यावरही ते अंतर बदलतं. पेनाचं टोक ज्या ‘गॅप’वर टेकतं, तो असा अनुमानाचा मामला आहे.

१९६२ मध्ये जॉन चार्न्ली यांचा धातू आणि पॉलिइथिलीनचा कृत्रिम खुब्याचा सांधा आला, सत्तरच्या दशकात गुडघ्याचेही भरवशाचे सांधे आले. या शस्त्रक्रियांनी असंख्य लोकांना पुन्हा चालतं केलं, त्याबद्दल दुमत नाही. पण त्यांच्याबरोबर यंत्राची भाषाही पक्की झाली : पार्ट झिजला, पार्ट बदला, आणि बदलायची वेळ येईपर्यंत जपून वापरा.

चित्राला तडे गेले ते वेदनेच्या प्रश्नावर. कूर्चेत ना रक्तवाहिन्या, ना मज्जातंतू. मग कूर्चा झिजल्याने दुखतं कसं? वेदना येते ती सांध्याच्या अस्तरातून, कूर्चेखालच्या हाडातून, भोवतालच्या स्नायू-बंधांतून. आणि ती किती तीव्र वाटते यात झोप, मनःस्थिती आणि मज्जासंस्थेची संवेदनशीलता यांचाही भाग असतो. एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ बसत नाही, हे तर पुन्हा पुन्हा दिसलं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात निरनिराळ्या अभ्यासांचे आकडे एकत्र ठेवले गेले. एक्स-रेवर आजार दिसणाऱ्यांपैकी गुडघा दुखणाऱ्यांचं प्रमाण कुठे १५ टक्के, तर कुठे ८१ टक्के! २०१२ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या ७१० जणांचे एमआरआय तपासले गेले. एक्स-रेनुसार या सगळ्यांचे गुडघे आजारमुक्त होते. तरीही ८९ टक्क्यांच्या गुडघ्यात काही ना काही बिघाड निघालाच. दुखत नव्हतं, त्यांच्यातही.

सगळ्यात बोलका प्रयोग मात्र ह्यूस्टनचा. दुर्बिणीतून सांधा धुऊन काढायचा, खडबडीत कूर्चा तासून साफ करायची, ही शस्त्रक्रिया तेव्हा जोरात होती. झिजलेल्या यंत्राची साफसफाई म्हणून ती पटायचीही सहज. ब्रूस मोझली या शल्यविशारदांनी तिची परीक्षा घ्यायची ठरवली. १८० रुग्ण, तीन गट : काहींचा सांधा नुसता धुवायचा, काहींचा तासून साफ करायचा, आणि काहींवर शस्त्रक्रियेचं फक्त नाटक करायचं. आपल्यावर खोटी शस्त्रक्रिया होऊ शकते आणि तिने गुडघ्याच्या आजाराला काही फायदा होणार नाही, हे कळल्याचं प्रत्येकाने स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं. कोण कुठल्या गटात, हे शस्त्रक्रियागृहात पाकीट फोडल्यावरच कळे. नाटकाच्या गटात त्वचेवर छेद घेतले जात. डॉक्टर एकेक हत्यार मागत, गुडघा हलवत, आणि सांधा धुतल्याचा आवाज यावा म्हणून पाणी उडवलं जाई. २००२ मध्ये निष्कर्ष आले. दोन वर्षांच्या पाठपुराव्यात तिन्ही गटांच्या वेदनेत फरक नव्हता. झिजेचं चित्र बरोबर असतं, तर साफसफाईने काहीतरी पदरात पडायला हवं होतं.

झीज म्हणजे वापराने होणारं नुकसान, हा अर्थही पुराव्यापुढे पुरता टिकत नाही. २०१७ मध्ये धावपटूंवरच्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब झाला. हौसेने धावणाऱ्यांत खुब्याचा किंवा गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस ३.५ टक्के, बैठं आयुष्य जगणाऱ्यांत १०.२ टक्के आणि स्पर्धेत उतरणाऱ्यांत १३.३ टक्के. म्हणजे अति वापर जड जातो, पण न वापरणंही सोसत नाही. (ज्यांचे गुडघे मुळात धड तेच धावत राहतात, ही शक्यता धरूनही बैठ्या माणसाने हे आकडे दोनदा वाचावेत.) त्याच वर्षी हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतले जुने-नवे सांगाडे तपासले. खूण घेतली ती हाड हाडावर घासून आलेल्या चकाकीची. हाडाला हाड घासणं ही नुसती बोलायची गोष्ट नाही, शेवटच्या टप्प्यात ते खरंच घडतं. प्रागैतिहासिक शिकाऱ्या-शेतकऱ्यांत हे प्रमाण ८ टक्के निघालं, औद्योगिक युगाच्या सुरुवातीच्या लोकांत ६, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या लोकांत १६. वय आणि वजन यांचा हिशेब वजा केल्यावरही वाढ दुपटीची. जन्मभर कष्ट उपसणाऱ्यांपेक्षा खुर्चीत बसणाऱ्यांचे गुडघे जास्त ‘झिजलेले’.

वजनाचंही तसंच. किलोभर वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोने उतरतो, हे मोजून झालं आहे. पण लठ्ठपणाबरोबर बोटांच्या सांध्यांचाही ऑस्टिओआर्थ्रायटिस वाढतो, आणि हातांवर तर कोणी चालत नाही. चरबीतून स्रवणाऱ्या, दाह वाढवणाऱ्या द्रव्यांकडे आता बोट दाखवलं जातं. जुनी दुखापत, आनुवंशिकता, वर्षानुवर्षं उकिडवं बसून ओझी उचलण्याचं काम, यांचा वाटा खराच आहे. झिजेच्या कल्पनेत तथ्य नाही असं म्हणणंही टोकाचं होईल. २०१५ मध्ये या विषयावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संघटनेने, ओआर्सीने (OARSI), नवी व्याख्या केली. सूक्ष्म किंवा मोठ्या इजेनंतर सांध्यातल्या पेशींवर ताण येतो, दुरुस्तीची यंत्रणा जागी होते, पण ती दुरुस्ती वाकड्या वाटेने जाते, असा तिचा आशय. संपूर्ण सांधा त्यात येतो, एकटी कूर्चा नाही. व्याख्या चोख आहे. मात्र पाच मिनिटांच्या तपासणीत ती सांगून दाखवावी!

जुन्या भाषेचा परिणाम काय होतो, हे २०१९ मध्ये मेलबर्नच्या अभ्यासात समोर आलं. गुडघा बदलायच्या प्रतीक्षायादीतल्या लोकांशी संशोधक सविस्तर बोलले. आपल्या गुडघ्यात हाडाला हाड लागलंय, चाललो तर उरलंसुरलंही जाईल, अशी या लोकांची पक्की समजूत होती. व्यायाम म्हणजे जाणूनबुजून नुकसान. त्यापेक्षा गेलेली कूर्चा परत आणण्याचं आश्वासन देणारे प्रायोगिक उपचार त्यांना जवळचे वाटत. यात रुग्णांचं काही चुकलं, असं मला वाटत नाही. जे सांगितलं गेलं, त्यावरून त्यांनी तर्कशुद्ध निष्कर्ष काढला होता.

‘वंगण संपलं’ या वाक्याने तर बाजारही चालवला. सांध्यात हायल्युरॉनिक ॲसिड टोचण्याच्या उपचाराला अमेरिकेत १९९७ मध्ये परवानगी मिळाली, तीही औषध म्हणून नव्हे, उपकरण म्हणून. २०२२ मध्ये १६९ चाचण्यांचा आढावा आला : वेदनेतली घट इतकी अल्प, की रुग्णाला जाणवेलशी नाही. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांचं पितळ त्याआधीच, २००६ च्या १,५८३ जणांच्या अमेरिकी चाचणीत उघडं पडलं होतं. सरसकट पाहता त्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. दोन्ही गोष्टी आजही जोरात खपतात, कारण वर्णनाशी त्यांचं जमतं. वंगण संपलं ना, मग भरा.

पर्यायी भाषा घडवायचे प्रयत्न आहेत. ब्रिटनमध्ये ‘वेअर अँड टेअर’ (झीज आणि मोडतोड) याऐवजी ‘वेअर अँड रिपेअर’ (झीज आणि दुरुस्ती) म्हणायची टूम निघाली. तडजोडच ती, पण दुरुस्ती हा शब्द कानावर जातो हे काय कमी आहे. कील विद्यापीठाने रुग्णांना बरोबर घेऊन माहितीपुस्तिका तयार केली. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून चालणाऱ्या ग्लॅड कार्यक्रमात रुग्णांना आधी आजार समजावून दिला जातो, मग देखरेखीखाली व्यायामाची बारा सत्रं होतात. व्यायामाचा सरासरी फायदा डोळे दिपवणारा नाही, हेही सांगितलं पाहिजे. झिजेच्या जागी दुसरी अतिशयोक्ती बसवून काय मिळणार?

ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत निदानासाठी सरसकट एक्स-रे काढू नका, असं सांगितलं आहे. वय ४५ किंवा अधिक, हालचालीने वाढणारं दुखणं, सकाळचा आखडलेपणा नसणं किंवा अर्ध्या तासाहून जास्त न टिकणं. एवढ्यावर निदान होतं. फिल्मच नसेल, तर पेनाचं टोक टेकवायला जागा उरत नाही आणि डॉक्टरांना रुग्णाकडे बघूनच बोलावं लागतं. त्याच सूचनांत आणखी एक आहे : व्यायाम सुरू केल्यावर आधी दुखणं वाढू शकतं, हे रुग्णाला आधीच सांगा, आणि तरीही नियमित व्यायाम सांध्याच्या हिताचाच आहे हेही सांगा. ‘झिजलेत’ एवढंच ऐकून घरी गेलेला माणूस तिसऱ्या दिवशी गुडघा ठणकला की व्यायाम सोडतो, आणि त्याच्या बाजूने पाहिलं तर बरोबरच करतो.