पीएमपी परीक्षेचा अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि गाडी नेमकी कुठे अडते

पीएमपी, म्हणजे ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल’ या प्रकल्प व्यवस्थापनातल्या प्रमाणपत्राचं मनावर घेतलं की बहुतेक जण आधी जाडजूड पुस्तक आणतात, सराव प्रश्न सोडवायला बसतात आणि अर्ज शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. मी कळकळीनं सांगते, उलटं करा. परीक्षेत नापास झालात तर वर्षभरात एकूण तीन वेळा बसता येतं. अनुभवाचे महिने कमी भरले किंवा तुमच्या कामाची खात्री देऊन सही करणारा माणूस सापडला नाही, तर परीक्षेच्या दारापर्यंतच पोहोचता येत नाही, आणि चार महिन्यांचा अभ्यास तसाच पडून राहतो. सहकाऱ्यांचे अर्ज भरताना मी शेजारी बसलेली आहे. अडचण अभ्यासात क्वचितच आली, कागदात बहुतेक वेळा आली.

पात्रता आधी बघू. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, म्हणजे पीएमआय, ही परीक्षा घेते. चार वर्षांची पदवी किंवा तिच्या तोडीची पदवी असेल तर प्रकल्पांचं नेतृत्व केल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो. पदवी नसेल, शालेय शिक्षण किंवा पदविका असेल, तर ६० महिन्यांचा. शिवाय प्रकल्प व्यवस्थापनाचं ३५ तासांचं शिक्षण हवं. सीएपीएम हे याच संस्थेचं प्राथमिक पातळीचं प्रमाणपत्र असेल तर या ३५ तासांची गरज नाही. हा अनुभव मागच्या ठरावीक वर्षांतलाच धरतात; २०२१ पासूनच्या परीक्षेच्या नियमांत ही मर्यादा आठ वर्षांची होती. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज भरायला बसाल त्याच दिवशी संस्थेच्या संकेतस्थळावरून चालू हँडबुक आणि परीक्षेची रूपरेषा उतरवून घ्या. जुन्या माहितीवर विसंबून अजूनही लोक ४५०० तासांचा हिशेब मांडत बसतात. ती तासांची अट गेली, आता महिने मोजतात.

आणि महिने मोजतानाच सगळ्यात जास्त चुका होतात. समजा एक प्रकल्प जानेवारी ते जून चालला आणि दुसरा एप्रिल ते सप्टेंबर. सहा आणि सहा बारा, असं मांडून अर्जदार मोकळा होतो. पण एप्रिल, मे, जून दोन्हीकडे आहेत, आणि एक महिना एकदाच धरला जातो. म्हणजे हातात नऊच महिने. एकाच वेळी चार-चार प्रकल्प सांभाळणाऱ्यांना ही अट फार जड जाते, कारण काम चौपट आणि महिने तेवढेच. अर्ज उघडण्याआधी एका कागदावर त्या मर्यादेतल्या वर्षांचे महिने ओळीनं लिहा आणि ज्या महिन्यात प्रकल्प चालू होता तो रंगवा. रंगवलेली घरं मोजा. ३६ ला दोन-तीन घरं कमी पडत असतील तर थांबा. ओढूनताणून तारखा वाढवू नका, ऑडिटमध्ये, म्हणजे अर्जातली माहिती कागदपत्रांवरून पडताळताना, त्याच तारखांवर दुसऱ्या कुणाला तरी सही करावी लागते.

हुद्दा ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ नसला म्हणून घाबरू नका. हुद्द्याला महत्त्व नाही, तुम्ही काम चालवलंत का याला आहे. मात्र रोजचं, वर्षानुवर्षं तसंच चालणारं काम प्रकल्पात बसत नाही. दर महिन्याचे पगार काढणं हे नेहमीचं काम झालं. पगाराची जुनी प्रणाली बदलून नवी बसवणं हा प्रकल्प. त्याला सुरुवात आहे, शेवट आहे आणि हाती काहीतरी नवं आलेलं आहे. घरचं लग्न किंवा स्वतःच्या घराचं बांधकामही चालत नाही, कितीही निगुतीनं केलेलं असलं तरी.

प्रत्येक प्रकल्पाचं वर्णन २०० ते ५०० शब्दांत द्यायचं असतं, आणि अर्ज परत येतात ते बहुधा इथून. माणसं बायोडेटातली भाषा जशीच्या तशी उतरवतात. एका सहकाऱ्याच्या अर्जात असं होतं: ‘सॉफ्टवेअर टीमचं नेतृत्व केलं. ग्राहकांशी समन्वय ठेवला. कामं वेळेत पूर्ण केली.’ यातून तपासणाऱ्याला काय कळणार? त्याच कामाचं आम्ही पुन्हा लिहिलेलं वर्णन, थोडक्यात, असं: ‘उद्दिष्ट: तीन गोदामांचा साठा एका प्रणालीवर आणणं. माझी भूमिका: सात जणांच्या टीमचं नेतृत्व. कामाची व्याप्ती लिहून प्रायोजकाची मंजुरी घेतली, वेळापत्रक आणि खर्चाचा अंदाज तयार केला, जोखमींची नोंदवही ठेवली. यंत्रं उशिरा येणार हे कळल्यावर गोदामांचा क्रम बदलला आणि तो बदल मंजूर करून घेतला. निष्पत्ती: तिन्ही गोदामं नव्या प्रणालीवर आली, कामाचं हस्तांतर करून प्रकल्प बंद केला.’ माणूस तोच, काम तेच. ‘आम्ही’ लिहू नका, ‘मी’ लिहा. इथे नम्रपणा नडतो.

३५ तासांबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. स्वतः पुस्तक वाचलं, व्हिडिओ पाहिले, मित्रांबरोबर गटात अभ्यास केला, यातलं काहीही धरलं जात नाही. वर्ग किंवा अभ्यासक्रम हवा. ऑनलाइन आपापल्या वेळेनं करायचा अभ्यासक्रम असेल तर शेवटी चाचणी असलेला हवा, आणि पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रावर तास लिहिलेले हवेत. पैसे भरण्याआधी शिकवणाऱ्याला एवढंच विचारा, ‘प्रमाणपत्रावर तासांचा आकडा छापता का?’ हे तास अर्ज दाखल करण्याआधी पुरे व्हावे लागतात. ‘कोर्स चालू आहे’ हे उत्तर चालत नाही.

आता ऑडिट. काही अर्ज कुठलंही कारण नसताना निवडले जातात. ऑडिट लागलं म्हणजे संशय आला असं मुळीच नाही. पदवीची प्रत, तासांचं प्रमाणपत्र आणि प्रत्येक प्रकल्पासाठी तो माहीत असलेल्या व्यक्तीची सही, एवढंच मागतात, आणि त्यासाठी ९० दिवस देतात. तीन महिने म्हणजे भरपूर वेळ, असं वाटतं. माझ्या एका मैत्रिणीचा सहा वर्षांपूर्वीचा साहेब नोकरी सोडून गेलेला, कंपनी दुसरीत विलीन झालेली, जुन्या पत्त्यावर पाठवलेला मेल परत आलेला. तीन आठवडे ती फक्त एका माणसाचा फोन नंबर शोधत होती. शेवटी ग्राहकाच्या बाजूनं काम पाहणाऱ्या इंजिनिअरनं सही दिली, आणि ती चालली. साहेबच हवा असं नाही; सहकारी, ग्राहक, प्रायोजक, ज्याला तुमचं काम प्रत्यक्ष ठाऊक आहे असा कुणीही चालतो. म्हणून अर्जात नाव घालण्याआधी त्या माणसाला फोन करा, वर्णन वाचून दाखवा आणि विचारा, ‘यावर सही कराल ना?’ ऑडिटचे कागद पाठवलेच नाहीत तर पुन्हा अर्ज करायला वर्षभर थांबावं लागतं.

मुदतींचाही घोळ होतो, कारण ९० दिवस दोन आहेत. अर्ज उघडला की तो पूर्ण करायला ९० दिवस, आणि ऑडिटचे ९० दिवस वेगळे. परीक्षा देण्याची एक वर्षाची मुदत मात्र अर्ज मान्य झाल्या दिवशी सुरू होते, शुल्क भरल्या दिवशी किंवा तारीख घेतल्या दिवशी नाही. ‘मान्य झालाय, सावकाश पैसे भरू’ म्हणणारे त्यातलेच महिने घालवतात. पीएमआयचं सदस्यत्व घेऊन सवलतीत परीक्षा द्यायची असेल तर सदस्यत्व आधी नोंदलं जाऊ द्या आणि मगच परीक्षेचं शुल्क भरा; नंतर फरक परत मिळत नाही. हे शुल्काच्या बटणाशेजारीच ठळक लिहायला हवं होतं, लोकांचे पैसे वाचले असते.

बाकी पायऱ्या सरळ आहेत: खातं उघडा, अर्ज भरा, शुल्क भरा, परीक्षा केंद्रं चालवणाऱ्या पियर्सन व्ह्यू कंपनीच्या संकेतस्थळावर केंद्र किंवा ऑनलाइन परीक्षा निवडा. तारीख बदलायची असेल तर ३० दिवसांहून आधी बदला. त्यानंतर दंड लागतो, आणि शेवटच्या ४८ तासांत बदलता येत नाही, पूर्ण शुल्क जातं.

शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, तिनंच माणसं दारातून परत गेली आहेत. खात्यावरचं नाव आणि सरकारी ओळखपत्रावरचं नाव अक्षरशः जुळायला हवं. लग्नानंतर बदललेलं आडनाव, एका ठिकाणी आद्याक्षर आणि दुसऱ्या ठिकाणी पूर्ण नाव, स्पेलिंगमधलं एखादं जादा अक्षर, हे सगळं तपासतात. खातं उघडतानाच ओळखपत्र समोर ठेवा आणि त्यावर बघून एकेक अक्षर टाइप करा.